सहावी चिठ्ठी

कुरुळी,
१८ ऑगस्ट २०२४

चि. करिष्मा हिला विजयश्री सिस्टरचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता सुमनताईंकडून मिळवला. तुझ्या त्या खोलीमालकीणबाई होत्या तशाच आहेत गं. मला दारातच उभं करून तीनदा विचारलं, "कशाला पाहिजे?" त्यांना वाटलं मी अजून कंपनीचीच. मी म्हटलं, ताई, कंपनी सोडून दोन वर्षं झाली. तेव्हा कुठे तुझ्या सासरच्या गावचं नाव सांगितलं. तुझे समाधानरावही तिकडेच असतात म्हणाल्या. बरं झालं.

बातमी अशी की मी नर्सिंग सोडलं. अठरा वर्षं इंजेक्शनं दिली, पुरे झालं. आता मी लाकडाच्या मुठी करते. हसू नकोस! कुरुळीत भैरूमामा म्हणून म्हातारे सुतार आहेत. पूर्वी बैलगाड्या करायचे. गाड्या गेल्या, कंपन्या आल्या, आता पत्र्याच्या शेडमध्ये लेथ टाकून पोळपाट-लाटणी करतात. त्यांच्या हाताखाली शिकले. पहिले सहा महिने नुसता भुसा झाडला. "बाय, सुई टोचनं येगळं आन् पटाशी धरनं येगळं," असं रोज ऐकवायचे. पटाशी म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी.

आपल्या या पट्ट्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर बोटं गेलेली माणसं किती आहेत, हे तुला मी काय सांगू. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे. त्या लोकांना उलथनं धरता येत नाही, सुरी निसटते, कोयता फिरतो. मी त्यांच्या हातात कणकेचा गोळा देते आणि म्हणते, घट्ट दाबा. गोळ्यावर जसा ठसा उठेल तशी मूठ कोरायची. जिथे बोट नाही तिथे लाकूड फुगीर ठेवायचं, जी बोटं उरलीत त्यांना खाच द्यायची. चाकणला कांदा मार्केटजवळ बुद्धरत्नची वडापावची गाडी आहे, त्याची दोन बोटं गेलीत. पहिली मूठ मी त्याच्या झाऱ्याला बसवली. तो माझ्याकडून वडापावचे पैसे घेत नाही आणि वर म्हणतो, "सिस्टर, बोटं दोन कमी झाली, पण चटणी बघा, तिखटात कमी नाही!"

तुझ्यासाठी उलथनं केलंय, वेगळ्या पार्सलने पाठवतेय. बाभळीची मूठ आहे. तुझ्या हाताचा ठसा माझ्याकडे नव्हता, पण त्याची गरज पडली नाही. त्या दिवशी पट्टी मीच बांधली होती, तुझा हात मला पाठ आहे. भाकरी उलटायला बरं पडेल.

त्या दिवसाचं काय बोलायचं? मार्च एंड होता, टार्गेट होतं, मशीन जुनं होतं. कुणाकुणाला दोष देणार? झालं ते झालं. हाताला जप.

तुझी,
विजयश्री सिस्टर


कुरुळी,
९ सप्टेंबर २०२४

करिष्मा,

पार्सल परत आलं. वर पोस्टमनने लाल पेनाने लिहिलंय, 'घेण्यास नकार'. पत्र मात्र परत आलं नाही, म्हणजे ते तू वाचलंस असं मी धरून चालते.

खरं सांगू? आधी राग आला. म्हटलं, मी महिनाभर खपले आणि हिला काही किंमतच नाही! भैरूमामांसमोर बरीच चडफडले. ते पॉलिश पेपरने एक लाटणं घाशीत ऐकत होते. मग म्हणाले, "तिनं मागितलं व्हतं का?"

"नाही."

"मग नको म्हनायला ती मोकळी हाय की."

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. प्रभाकरला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. त्याने पेपरातून मानही वर केली नाही. म्हणाला, "करून करून भागले आणि देवपूजेला लागले." अस्सा राग आला मला. भांडी आदळली. आणि भांडी घासताना लक्षात आलं, तो बोलला त्यात एक अक्षरही चूक नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मशीन जुनं होतं. ते खोटं नाही, पण लबाडी आहे. जे तुला माहीत आहे तेच आता लिहितेय, कारण आजवर मी ते कुठेच लिहिलेलं नाही. त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. त्या दिवशी उजवं बटण पांढऱ्या चिकटपट्टीने दाबून बांधलेलं होतं. डाव्या हाताने तू बटण दाबत होतीस आणि उजव्याने पत्रा सरकवत होतीस. ती पट्टी माझ्या ड्रॉवरमधली होती. मी तुझ्या हातात दिली होती. "खांदा दुखतोय ना? मग बाकीच्या बायका करतात तसं कर. चार दिवस उजवं बटण बांधून टाक." हे माझंच बोलणं. आणि वर म्हणाले, "सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो, घाबरू नकोस."

चौकशीच्या दिवशी तू दवाखान्यात होतीस. मॅनेजरसाहेबांनी फोटो पुढे सरकवला. "सिस्टर, ही मेडिकलची पट्टी तिथे कशी गेली?"

मी म्हटलं, "ट्रॉलीवरून कुणीतरी उचलली असेल."

कुणीतरी! मी तुझं नाव घेतलं नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. नाव घ्यायची गरजच कुठे होती? कागदावर आलं, 'सदर कामगाराने मेडिकल रूममधून पट्टी चोरून सुरक्षेचे बटण निकामी केले.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. निळ्या शाईत, चांगली झोकदार.

दवाखान्यात नेताना गाडीत तू शुद्धीवर होतीस. तुझी बोटं ठेवलेली बर्फाची पिशवी माझ्या मांडीवर होती. तू म्हणालीस, "सिस्टर, तुमचं नाव मी घेणार नाही. तुमची नोकरी जाईल." आणि मी मान हलवली गं. मान हलवली! तू शब्द पाळलास. दोन महिन्यांनी चोरीचं कळल्यावर तू खरं सांगायला गेलीस, तर तोवर कागद पक्के झाले होते. मला परत विचारलं, तेव्हाही मी 'माहीत नाही' म्हटलं.

लाज वाटते हे लिहायला. पार्सल उघडलेलं नाही. ते तसंच ठेवलंय.

विजयश्री सिस्टर


कुरुळी,
२७ ऑक्टोबर २०२४

करिष्मा,

तू उत्तर देणार नाहीस हे गृहीत धरून लिहितेय. काल चिंचवडला दिवाळीचं प्रदर्शन होतं. नीलिमाताई म्हणून तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा आहेत, त्यांनी मला टेबल दिलं होतं. माझ्या डोक्यावर ही एवढी पाटी, 'सेवेतून कलेकडे'. बायका मुठी हातात धरून फोटो काढत होत्या. दहाही बोटं शाबूत असलेल्या बायका.

तुझं पार्सल मी टेबलाखालच्या पिशवीत ठेवलं होतं. का नेलं, मलाच कळत नाही. एका बाईने पिशवीतून ते काढलं आणि विचारलं, "हे पॅक केलेलं केवढ्याला?" मी हिसकावून घेतलं. म्हटलं, ते विकायचं नाही. बाई घाबरलीच बिचारी.

संध्याकाळी नीलिमाताईंनी माइक हातात दिला. "सांगा ना, ही कल्पना सुचली कशी?" आणि मी सांगितलं. आमच्या कंपनीत एका मुलीला अपघात झाला, मी हेलावून गेले, मला झोप लागेना, मी नोकरीवर पाणी सोडलं. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं. गळ्यात कंपनीचं आयकार्ड होतं, शिफ्ट सुटून आलेली असणार. "ती मुलगी आता कुठं असते, मॅडम?"

मी म्हटलं, "तिला पहिली मूठ मीच करून दिली. आता छान स्वयंपाक करते."

पिशवी माझ्या पायाला लागत होती. पुन्हा टाळ्या. घरी येताना रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन बसले.

म्हणून आज बसून उरलेलं लिहून टाकते. मॅनेजरसाहेबांनी मला तोंडी सांगून ठेवलं होतं की महिन्याला विश्रांतीच्या पाच चिठ्ठ्या, त्यावर नाही. मार्चच्या चौदा तारखेलाच पाच झाल्या होत्या. तू सहावी होतीस. दारात उभी राहून म्हणालीस, "सिस्टर, तीन दिवसाची चिठ्ठी द्या. हात वरच जाईना." ती बटणं उंच पुरुषांच्या मापाने बसवलेली आणि तू एवढीशी. मी खांदा दाबून पाहिला, सूज नव्हती, म्हणून वाटलं की चार दिवसांत उतरेल. चिठ्ठी दिली असती तर काय झालं असतं? साहेबांची बोलणी बसली असती. बस, एवढंच. नोकरी गेली नसती, पगार कापला नसता. नुसती बोलणी. ती चुकवायला मी चिठ्ठीच्या जागी तुला पट्टी दिली. आणि त्या वेळी मला वाटत होतं की मी दया करतेय.

नोकरी का सोडली तेही ऐक. कलेची ओढ वगैरे काही नाही. जूनमध्ये एक माणूस चिठ्ठी मागायला आला. तोही सहावाच निघाला. माझं पेन चालेना. त्याच्यादेखत रडले, चिठ्ठी लिहून दिली आणि पर्स घेऊन गेटबाहेर पडले. त्याची चिठ्ठी मी दिली, तुझी नाही दिली. हे मला आजही गिळता येत नाही.

विजयश्री


कुरुळी,
११ नोव्हेंबर २०२४

करिष्मा,

तुझं पत्र आलं. वहीचं पान, डाव्या हाताची अक्षरं, ओळी वर वर चढत गेलेल्या. इतक्या वेळा वाचलं की पाठ झालंय. तुझेच शब्द तुला परत लिहिते, म्हणजे ते मी नीट वाचलेत हे तुला कळेल.

'सिस्टर, भाकरी हातानं थापतात, उलथन्यानं नाही. आता सासू थापते अन् मी बसून बघते. आमच्या गावची पोरं त्याच कंपनीत हायत, त्यांनी इथं येऊन सांगितलं, तवापासून मला पट्टीचोर म्हणतात. समाधाननं केस घातलीय, कंपनी तोच चौकशीचा कागद दाखवते. तुमच्या हातचं लाकूड मला नको. तुमच्या हातचं लिहिलेलं पाहिजे. तारीख जानेवारीत हाय.'

भाकरी! अठरा वर्षं नर्स, दोन वर्षं कारागीर, आणि माझ्या डोक्यात हे येऊ नये? मी तुला भाकरी उलटायचं साधन पाठवलं. थापायची कुणी आणि कशाने, हा विचारच केला नाही. मी तुझ्यासाठी करतच नव्हते ते. मी माझ्या मनाची टोचणी घासून गुळगुळीत करत बसले होते.

तू मागितलंस ते लगेच दिलं असं नाही. आठ दिवस काढले मी. प्रभाकर म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक मान देतायत, कशाला उघडतेस? तुझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाईल, वर केस होईल." मलाही ते पटायला लागलं होतं. नीलिमाताईंनी शंभर मुठींची ऑर्डर आणलेली, गरजू लोकांना वाटायला. मनात म्हटलं, शंभर जणांचं भलं होतंय, एकीसाठी... बघ, हेही लिहिलं. अशी आहे मी.

शेवटी भैरूमामांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. त्यांनी लेथ बंद केला. मग म्हणाले, "मूठ चिरली तर आपन काय करतो? भुसा आन् फेविकॉल भरून वरनं पालिश मारतो. बघनाऱ्याला दिसत न्हाई. धरनाऱ्याला कळतं." आणि माझ्यापुढून पटाशी उचलून त्यांनी फळीवर ठेवली. "आधी त्ये लिवून ये जा. तवर लाकडाला हात लावायचा न्हाई."

म्हातारा कधी माझ्यावर रागावला नव्हता.

मी लिहून देते. कोर्टात येऊन सांगतेही.

विजयश्री


कुरुळी,
३ डिसेंबर २०२४

करिष्मा,

समाधानरावांच्या वकिलांकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. त्याची प्रत सोबत जोडली आहे. घरी कच्चं लिहिताना आठ कागद नासले. दर वेळी कुठेतरी 'कदाचित' नाहीतर 'बहुधा' शिरायचं, आणि मी कागद फाडायची.

पट्टी मी दिली, हे लिहिलं. बटण बांधायला मी सांगितलं, हे लिहिलं. तू काहीही चोरलं नाहीस, हे तर वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. चिठ्ठी मागितलीस आणि मी नाकारली, तेही. वकील म्हणाले, "'तपासणी केली असता खांद्यावर सूज आढळली नाही' हे वाक्य चांगलं आहे, जबाबदार वाटतं." बरं वाटलं मला ते ऐकून.

नीलिमाताईंना मीच फोन करून सांगितलं, बाहेरून कळण्यापेक्षा बरं. त्या म्हणाल्या, "विजयश्रीताई, तुम्ही आमच्या पाटीखाली बसून हे बोललात!" ऑर्डर गेली. ती बाई काही चुकली नाही.

प्रभाकर माझ्याशी कामापुरतं बोलतो. मुलीला, सुखदाला, मी स्वतः सांगितलं. ती बारावीला आहे. तिने फक्त विचारलं, "आई, त्या ताईचं वय काय होतं?" तेवीस, म्हटलं. ती आत निघून गेली.

विजयश्री


कुरुळी,
२२ जानेवारी २०२५

करिष्मा,

काल कोर्टात तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी मात्र बघत होते. तू उजवा हात पदराखाली ठेवला होतास आणि माझं बोलणं सुरू झाल्यावर बाहेर काढून मांडीवर ठेवलास. सगळ्यांना दिसेल असा.

कंपनीच्या वकिलाने मला विचारलं, "बाई, तुम्ही आता कलाकार झालात. प्रसिद्धीसाठी करताय का हे?" मी म्हटलं, प्रसिद्धी होती तेवढी यातच गेली. मागे कुणीतरी हसलं. मग त्याने विचारलं, "पाच चिठ्ठ्यांचा नियम कुठे लिहिलाय?"

"कुठेच नाही. तोंडी होता."

"मग सहावी द्यायला तुमचा हात कुणी धरला होता?"

"कुणी नाही."

तुझी बाजू मांडायला गेले होते आणि खरं उत्तर काढलं ते त्या वकिलाने. मला वाटलं, झालं. आता माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरलं नाही. बाहेर आले तर हलकं वाटत होतं, तेही सांगते. समाधानराव चहा घेऊन आले. तू भिंतीला टेकून उभी होतीस. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. निदान 'बरं झालं आलात' एवढं. आशा कशी असते बघ, लाज सोडून.

आणि तू बोललीस. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस.

"सिस्टर, खांदा अजून दुखायलाय. तवा तुम्ही हात लावून बघितलाच न्हवता. खुर्चीतूनच बोललात."

समाधानरावांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहाचा कप माझ्या हातात न देता कट्ट्यावर ठेवला. तुम्ही दोघं गेलात.

बरोबर आहे तुझं. मी खुर्चीतून उठले नव्हते. रजिस्टर भरत होते. तू दारात होतीस, चपला बाहेर काढून उभी होतीस, आणि मी मान वर करून बोलले आणि ड्रॉवर उघडला. खांदा दाबून पाहिला, सूज नव्हती, हे मी तुला लिहिलेल्या पत्रात घातलं. तुला, जी तिथे होती! मग तेच प्रतिज्ञापत्रात घातलं आणि काल शपथेवर बोलले. पट्टी कबूल केली, चोरीचा आळ कबूल केला, चिठ्ठी कबूल केली, आणि एवढं एक खोटं पदराला बांधून ठेवलं. बाई वाईट निघाली तरी नर्स चांगली होती, एवढं तरी लोकांनी म्हणावं म्हणून. इतक्या वेळा बोलले होते की मला ते आठवायलाही लागलं होतं. तुझा खांदा, माझा हात, सगळं.

आज सकाळी वकिलांकडे जाऊन पुरवणी दिली. ते वैतागले. म्हणाले, "हे कशाला? याने तुमचंच नुकसान आहे, शपथेवर खोटं बोलल्याचं होईल." मी म्हटलं, होऊ दे. त्या वाक्याच्या जागी आता असं आहे: 'मी तिला तपासले नाही.' सही केली. या वेळी झोकदार आली नाही.

तिथून शेडवर आले. भैरूमामांना सांगितलं. त्यांनी फळीवरची पटाशी काढून माझ्यापुढे ठेवली, पण मी अजून उचललेली नाही. तुझं पार्सलही समोरच आहे, लाल अक्षरांसकट. ते मी पुन्हा पाठवणार नाही.

मी पाच वर्षं त्या मेडिकल रूममध्ये बसले, चौकशी झाली, फोटो निघाले, कोर्ट झालं, मी मुठी कोरल्या, टाळ्या घेतल्या, पानंच्या पानं लिहिली. येत्या मार्चला तीन वर्षं होतील. आणि करिष्मा, तुझा खांदा अजून कुणी बघितलेलाच नाही.

विजयश्री